कडी बाहेरून

यशश्रीला दाराच्या आतल्या बाजूला कडी सापडेना. तिने वर चाचपून पाहिलं, खाली चाचपून पाहिलं, मग बांबूच्या पट्ट्यांमधून एक डोळा लावून विचारलं, "सर, कडी कुठंय? मी स्वतःला कोंडून कसं घेऊ?"

खुर्च्यांवरची माणसं हसली.

गंगापूर रोडवरच्या त्या हॉलमध्ये सकाळचे साडेदहा झाले होते. परवा स्पर्धेतला प्रयोग होता आणि आज पहिल्यांदा नेपथ्य उभं करून तालीम चालली होती. नाटक बुधागुरुजींच्या 'सोळा दिवस' या कथेवरून बेतलेलं. गुरुजींना जाऊन तीन वर्षं झाली. कथा घरची, म्हणून घरच्यांना आधी बोलावलं होतं. पहिल्या रांगेत गुरुजींची बायको चतुराबाई बसली होती. तिच्या शेजारी गुरुजींची बहीण साळूबाई, देवळ्याहून पहाटेच्या एसटीने आलेली. कडेला राज. तो गुरुजींचा पुतण्या, आणि या सगळ्या सोहळ्याचा यजमान असल्यासारखा वावरत होता.

राजचे वडील, वाल्मीकआबा, मात्र खुर्चीवर नव्हते. ते विंगेत उभे होते, कानावर पेन्सिल खोचून. कारण समोरची कांदाचाळ, कांदा साठवायचं पट्ट्यांचं कोठार, त्यांनी बांधली होती. कागदावर ती काढली त्यांच्या नातीने, राजच्या वेदिकाने, आणि एकाहत्तराव्या वर्षी आबांनी ती आठ दिवसांत उभी केली. इंदिरानगरातल्या घराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एकेक पट्टी तासून, कुणाचा हात लागू न देता.

दिग्दर्शक विश्वेश वर चढला. त्याने दार उघडलं, मिटलं, दोन्ही अंगांनी बघितलं.

"वेदिका, कडी बाहेरून लागलीय."

वेदिका कागदाची गुंडाळी उलगडत आली. "मी आत दाखवलीय, सर. हे बघा, बाण पण काढलाय. आणि आबांसाठी मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'कडी आतून'."

सगळ्यांच्या माना विंगेकडे वळल्या.

"आबा, कागद उलटा धरला होता का?" विश्वेशने हसत विचारलं.

"पन्नास वर्षं नाशकातली निम्मी दारं यांनी बसवली," राज म्हणाला, "आणि घरच्या नाटकाला तेवढी कडी उलटी."

आबा दोन पावलं पुढे आले. आठ दिवस ते दार त्यांच्या हाताखालून गेलं होतं, पण त्यांनी ते पाहिलं आत्ता. काळी लोखंडी कडी, बाहेरच्या अंगाला, छातीच्या उंचीवर. त्यांचे कान तापले. सगळे वाट बघत होते, आणि वाट बघणाऱ्या माणसांना काहीतरी द्यावं लागतं.

"हो, चुकलं," ते म्हणाले. "चहा होईस्तोवर बदलून देतो."

पहिल्या रांगेत साळूबाईने पदर तोंडाला लावलेला होता. आबांचं वाक्य संपलं तसा तिने तो खाली घेतला, चपला शोधल्या आणि उठून बाहेर गेली.

*

पेचकस हातात घेऊन आबा दाराशी उभे राहिले. हे झालं कसं, तेच त्यांना उमगत नव्हतं. कागद तर भिंतीवर चिकटवलेला होता. अक्षरं त्यांना लागत होती. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी ते वेदिकाच्या पहिलीच्या पुस्तकावर तिच्याबरोबर वाचायला शिकले होते. त्याआधी ते सगळं दुसऱ्याच्या तोंडून ऐकत. बुधाची कथाही त्यांनी ऐकलेलीच होती, दर दिवाळीला कुणी ना कुणी ती काढून वाचे. स्वतः वाचली ती चोपन्नाव्या वर्षी, ओळीखाली बोट ठेवून. 'तिने आतून कडी लावली' या वाक्यावर बोट थांबलं होतं. इतकी वर्षं कानावरून गेलेलं वाक्य आता बोटाखाली होतं; त्यांनी ते चार वेळा वाचलं. मग पुस्तक मिटून ठेवलं आणि कुणाला काही बोलले नाहीत.

शेडमध्ये त्या दिवशी दार सुतारकामाच्या घोडीवर आडवं पडलेलं होतं. कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही. हाताने कडी उचलली, जागा शोधली, स्क्रू पिळले. तसल्या दाराला कडी कुठं असते ते हाताला ठाऊक होतं. हाताने ती एकदाच लावली होती, शहात्तर साली.

तेव्हा साळू सतरा वर्षांची होती. लग्नाला सात महिने झाले होते. एके दुपारी ती देवळ्याहून सटाण्याला पायी आली आणि म्हणाली, मी परत जायची नाय. नवरा मारायचा का? नाही. सासू छळायची का? तिने तेही सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, मला त्या माणसाजवळ राहायचं नाय. वडिलांना हे कारण वाटेना. त्यांनी वाल्मीकला बोलावलं. वाल्मीक तेव्हा गावातल्या सुताराच्या हाताखाली तीन वर्षं काढून तयार झालेला. वडील म्हणाले, चाळीचा एक खण रिकामा कर आणि त्याला दार कर.

त्याने केलं. त्याचं स्वतःच्या हाताने केलेलं ते पहिलं दार. कुठं घासत नव्हतं, कुठं फट नव्हती. वडिलांनी ते दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाले, हात बसला तुझा. त्या शब्दाने त्याला आनंद झाला होता. एवढ्या वर्षांत आबांना सगळ्यांत जास्त लाज वाटत आली ती या आनंदाची.

*

हॉलच्या पायरीवर साळूबाई चपलांच्या शेजारी बसली होती. समोर रिक्षांची ये-जा. आबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"चहा घेतला?"

"घेतला."

"साखर लय घातलीय."

"माले गोड चालस," ती म्हणाली. जवळ कुणी नसलं की दोघं अहिराणीवर येत. पण पुढचं ती मराठीतच बोलली, परक्याशी बोलावं तसं. "तुम्ही जा आत. काम पडलंय."

तिने त्यांना कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. आबा हळूच खालच्या पायरीवर टेकले.

"हात चुकला, साळू."

"हात नाय चुकला. हात बरोबर होता, भाऊ."

एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. साळूबाईने ती जाऊ दिली.

"पडदा सरकला, दार दिसलं, आन् मला वाटलं, भाऊनं सांगून टाकलं. तोंडानं नाय जमलं म्हणून लाकडानं सांगितलं. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. मी म्हटलं, असू दे, सांगितलं ना. रडू यायला लागलं म्हणून पदर लावला. आन् तवाच तू म्हणला, चुकलं."

आबांच्या हातात पेचकस होता. ते तो एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले.

"लोकं हसत होती. मला सुचलं नाय."

"तवा पण तुला सुचलं नव्हतं."

"बाबांपुढं कोण बोलायचं? तू तरी बोलली का?"

"मी सोळा दिवस बोलले," साळूबाई म्हणाली. "ऐकायला तूच होता."

आबांनी विचारलं, "मग आता काय करू म्हणतेस?"

साळूबाईने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तवा बाबांनी सांगितलं ते केलं. मघाशी लोकं हसली म्हणून म्हणलं ते म्हणलं. आता मी सांगावं आन् तू करावं. तुझं तू कधी करशील, भाऊ?"

*

आत राज चहाचे कप गोळा करवत होता. आबांना पाहून म्हणाला, "चला आबा, आटपा. विश्वेश सरांना पहिला अंक बांधून घ्यायचाय."

आबा दाराशी गेले. पहिल्या स्क्रूला पेचकस लावला. अर्धा वेढा फिरला. मग त्यांनी हात खाली घेतला.

"ही बदलायची नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की वेदिकालाच ऐकू गेला.

"का, आबा? लाकूड फुटेल का?"

"कडी बाहेरच होती."

"कुठं?"

"आपल्या चाळीला. सटाण्याच्या. मी लावली होती. दार पण मीच केलं होतं."

चाळीच्या आत उभी असलेली यशश्री पट्ट्यांपाशी आली. विश्वेशने हातातली संहिता मिटली.

"आबा, काहीतरीच काय," राज वर येत म्हणाला. "काकांनी लिहिलंय स्वच्छ. आत्या रुसून आत बसली, विचार केला, सोळाव्या दिवशी आपल्या हातानं कडी काढून सासरी गेली. सगळ्या तालुक्याला माहितीय."

"तालुक्याला आपणच सांगितलं. बुधा तेव्हा तेरा वर्षांचा होता, मालेगावला वसतिगृहात. सुट्टीत आला तेव्हा त्याला पण तेच सांगितलं. बाबांनी सांगितलं आणि मी मान हलवली." आबांनी पेचकस खिशात घातला. "मी आत्ताही तेच केलं. विचारलंत तर म्हणालो चुकलं."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे आज काढायला?" राजचा आवाज खाली आला, म्हणजे तो खरा रागावला होता. "आत्या बोलली का बाहेर?"

"चाळीला दार असतंय का रे, राज?"

साळूबाई हॉलच्या दारात उभी होती. ती सावकाश खुर्च्यांच्या मधून पुढे आली. "तू शेतकऱ्याचा नातू. सांग बरं. कांद्याच्या चाळीला कुणी दार करतं का? फळ्या सरकवायच्या, कांदा भरायचा. वारा खेळला पाहिजे म्हणून तर चाळ. इतकी वर्षं ती गोष्ट वाचतात लोकं, बक्षिसं देतात, पण चाळीला दार कुठून आलं, हे एकानं इचारलं नाय."

वेदिकाने मान खाली घातली. "मी पण नाही विचारलं, आजी. चित्र काढताना मला वाटलं, असेल."

"तुझा काय दोष, पोरी. तू शहरातली."

राजने चतुराबाईकडे मोर्चा वळवला. "काकू, तुम्ही सांगा. गुरुजींच्या नावानं आपण हे करतोय. परवा सटाण्याहून दोन गाड्या भरून माणसं येणार. त्यांच्यापुढं काकांना खोटं पाडायचं?"

चतुराबाई आजवर थोरल्या दिरापुढे तोंड उघडून बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर मधल्या कुणाला तरी सांगायची. आताही तिने पदर पुढे ओढला आणि वेदिकाकडे बघत बोलली. राजला वाटलं, आता काकू आपली बाजू घेणार.

"वेदिका, तुझ्या बाबाला सांग. ती गोष्ट कुणी मोठ्यानं वाचायला लागलं की ते उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, लाजतात. माणूस आपलं कौतुक ऐकायला लाजतो. एकदा मी म्हटलं, बसा की, एवढं चांगलं लिहिलंय. तर म्हणाले, चतुरा, मला एकदा साळूला विचारायचंय. मी म्हटलं, काय? तर म्हणाले, राहू दे." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्यांनी विचारलं नाही. ते शेवटपर्यंत राहिलंच."

"विचारलं नाय," साळूबाई म्हणाली. "राखीला यायचा, जेवायचा, माझ्याकडं बघत बसायचा. मीपण सांगितलं नाय."

राज मग विश्वेशकडे वळला. "सर, तुम्ही निर्णय घ्या. नाटक तुमचं आहे."

विश्वेश पंचवटीतल्या पूजा सांगणाऱ्या घरातला. वडील अजून यात्रेकरूंचे विधी करत, याने मात्र रंगभूमी धरली होती. तो विचार करून, शब्द मोजून बोलायचा. "अडचण अशी आहे, राजकाका, की संहिता मंजूर होऊन आलीय. एक वाक्य बदलता येत नाही. पहिल्याच प्रवेशात हिचं वाक्य आहे, 'मीच कडी लावलीय, मला कुणी उघड म्हणू नका.' कडी बाहेर ठेवली तर ते वाक्य खोटं पडतं."

"पडू दे," साळूबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"तिला म्हणू दे ते वाक्य. मीपण तेच म्हणायची. सासरी गेले तर बायका इचारायच्या, काय गं, चाळीत बसलीवती म्हणे. मी म्हणायची, हो, मीच कडी लावून बसले, लय रागीट मी. हसायच्या त्या. कोंडलेली म्हणून नांदण्यापरीस रागीट म्हणून नांदणं बरं. तीस वर्षं नांदले."

विश्वेश हळूच चाळीपासून लांब गेला आणि पहिल्या रांगेतून दाराकडे पाहिलं. "ती आतून म्हणते, मीच लावली," तो स्वतःशी बोलला. "आणि कडी सगळ्या प्रेक्षकांना दिसते." मग वेदिकाला म्हणाला, "एक अक्षर बदलायला नको. वाक्यं बांधलेली आहेत, हालचाल माझी आहे. पण मग शेवटी दार उघडतं कोण?"

वेदिकाने आजोबांकडे पाहिलं. तिच्या लहानपणी पाटीवर त्यांचं अक्षर चुकलं की ते तिच्याकडे जसे बघायचे, तसे ते आता जमिनीकडे बघत होते.

"आबा, तुम्ही कुठं होतात? त्या सोळा दिवसांत."

"तिथंच."

"तिथंच म्हणजे कुठं? मला दाखवा. मला जागा लागेल."

"वेदिका, पुरे झालं," राज म्हणाला.

"दाखवू दे त्याला," साळूबाई म्हणाली. तिने पायरीवरून वर यायला हात पुढे केला, यशश्रीने चाळीतून बाहेर येऊन तो धरला. रंगमंचावर आल्यावर साळूबाईने चाळीभोवती एक फेरी मारली. एका पट्टीला हात लावला. "ह्या लय जवळ ठोकल्यात. माझा हात बाहेर निघायचा, कोपरापर्यंत. आई खालून भाकरी सरकवायची. आन् दाराच्या पुढं, इथं, हा बसायचा. लाकडं घेऊन. मी काही बोलायला लागले की रंधा मारायला लागायचा. जोरात. सोळा दिवसांत किती फळ्या गुळगुळीत केल्या असतील, देव जाणे. कशाला लागणार होत्या त्या, ते कुणालाच माहीत नाय."

"माहीत आहे," आबा म्हणाले. "कशालाच लागल्या नाहीत."

"बसून दाखवा, आबा," वेदिका म्हणाली. तिच्या हातात खडू तयार होता.

आबा गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. सवयीने ते दाराकडे तोंड करून बसले.

"असं नाय," साळूबाई म्हणाली. "पाठ दाराकडं."

ते फिरले. आता पाठीमागे दार होतं आणि समोर खुर्च्या. चतुराबाई पदराआडून बघत होती. राज दुसरीकडे बघत होता. परवा समोर सटाण्याची दोन गाड्या माणसं असतील, भावकी, व्याही, साळूच्या सासरचे. वेदिकाने त्यांच्या मांडीभोवती खडूने रेघ मारली.

"मुका माणूस हवा," विश्वेश म्हणाला. "आधी उठून कडी लावतो, मग बसून राहतो, आणि शेवटी उठून काढतो. एक शब्द नाही. पण दोन दिवसांत मी माणूस कुठून आणू?" तो आबांकडे बघून बोलत होता, पण त्याने विचारलं साळूबाईला. "आजी, काय करू या?"

"मला नका इचारू," साळूबाई म्हणाली. "मी आतली होते. बाहेरचं त्याचं तो सांगल."

राज म्हणाला, "आबा, उठा." वडिलांनी ऐकलं नाही, तसा पुन्हा म्हणाला, "आबा, लोकं काय म्हणतील याचा विचार करा. मला त्या लोकांत राहायचंय."

"मलाही तिथंच राहायचं होतं, राज," आबा म्हणाले. मग विश्वेशकडे वळून, अक्षरं लावून वाचावीत तसे ते सावकाश बोलले. "दुसरा माणूस शोधू नका. मी बसतो."

राजने खिशातला फोन काढला, पुन्हा ठेवला आणि खुर्च्यांच्या मधून निघून गेला. दार मागे आपटलं. चतुराबाई उठली नाही. तिने पदर मागे सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा दिराशी थेट बोलली. "दादा, पाण्याचा तांब्या ठेवू का जवळ? बराच वेळ बसावं लागेल."

"ठेव," आबा म्हणाले.

यशश्री चाळीत गेली. आबा उठले. दार ओढून घेतलं, ते कुठंही घासलं नाही. त्यांनी कडी लावली आणि खडूच्या रेघेत परत येऊन बसले. साळूबाई खाली उतरून मधल्या खुर्चीवर, अगदी त्यांच्या समोर बसली. वरून दिवा लागला. उजेड डोळ्यांत घुसला तशी आबांची मान आपोआप छातीवर गेली.

"आबा," विश्वेशचा आवाज अंधारातून आला, "मान खाली घालू नका. चेहरा दिसत नाही."

वाल्मीकआबांनी मान वर केली. आतून यशश्रीने तिचं वाक्य म्हणायला सुरुवात केली, आणि ते संपेपर्यंत त्यांनी ती खाली घातली नाही.